कपाटावरची अरबी

कफ्र सलमूनमधल्या एकतीस घरांत मार्च महिन्यात सरकारने एकतीस पत्रकं वाटली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात शाहिंदाने घरोघर जाऊन ती मोजली. अठ्ठावीस सापडली. अकरा कपाटांच्या माथ्यावर होती, नऊ सर्वांत वरच्या फळीवर कुराणाच्या शेजारी, पाच जन्मदाखल्यांच्या डब्यात आणि तीन भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलेली. शेगडीजवळ एकही नव्हतं. एकाही कागदाला तेलाचं बोट लागलेलं नव्हतं. त्याच घरांतून तिने जुलाबावर देतात त्या मीठसाखरेच्या पाण्याचे एकतीस नमुने आणले. आयांनी ते तिच्यासमोर, सरकारी पुडी फोडून, नेहमीसारखे केले होते. लिटरमागे सोडियम पंचाहत्तर मिलिमोलच्या आसपास असायला हवं होतं. सरासरी आली एकशे एकतीस. सर्वांत जास्त, म्हणजे एकशे अडुसष्ट, इनआमच्या घरच्या नमुन्यात होतं.

इनआमचा हिलाल दहा महिन्यांचा. एप्रिलमध्ये त्याला जुलाब लागले तेव्हा तिने मोठ्या इमानाने आठ पुड्या पाजल्या, आणि तिसऱ्या दिवशी पोराला झटके आले. तालुक्याच्या इस्पितळात सहा दिवस काढून तो परत आला. अंगातलं मीठ वाढलं होतं, एवढंच डॉक्टरांनी इनआमला सांगितलं. का वाढलं ते कोणी विचारलं नाही.

शाहिंदाने विचारलं. तिचं वय चोवीस, रसायनशास्त्राची पदवी घेऊन आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत लागून तिला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे विचारायची सवय अजून गेली नव्हती. इनआमने ज्यात पुडी कालवली तो पेला तिने मागून घेतला आणि मोजला. चहाचा पेला, काठोकाठ भरला तरी एकशे दहा मिलिलिटर. पुडी दोनशेची. गावातल्या प्रत्येक घरात मोजायचं माप म्हणजे हाच पेला. साखर त्यानेच, तांदूळ त्यानेच, मग पोराचं औषधही त्यानेच.

पत्रकात दोनशे मिलिलिटर लिहिलं नव्हतं असं नाही. लिहिलं होतं ते असं: "द्विशत मिलिलिटर परिमाणाच्या, क्वथित व तदनंतर शीतीकृत जलात पुटकस्थ चूर्णाचे संपूर्ण विलयन करावे." प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्हं, ग्रंथात असतात तशी. सर्वांत वर बिस्मिल्ला.

आणि देवाचं नाव असलेला कागद त्या गावात कोणी खाली ठेवत नाही. त्याला तेलकट हात लावत नाहीत, न्हाणीशेजारच्या स्वयंपाकघरात तर तो नेतच नाहीत. वजीदामावशी ही गावातली आरोग्यसेविका, पत्रकं तिनेच वाटली होती. तुझं कुठं आहे म्हणून शाहिंदाने विचारलं, तर मावशी स्टुलावर चढली, कपाटावरून कागद काढला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि पुन्हा तिथेच ठेवून दिला.

"वाचलंस का, मावशी?"

"वाचायचं काय त्यात? चांगला कागद आहे," मावशी म्हणाली.

जुलैला आठ आठवडे होते. जुलै-ऑगस्टच्या उन्हात आणि माश्यांत, आदल्या वर्षी या एकतीस घरांतली चव्वेचाळीस मुलं आजारी पडली होती. त्याआधी ते पाणी सुधारायचं, एवढंच शाहिंदाच्या डोक्यात होतं. तिला ते सोपं वाटलं. गावातल्या बाया जे बोलतात ते कागदावर लिहायचं, की झालं.

कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर उस्ताद अब्दुलमोतींची हिरव्या शाईतली सही लागे. ते भाषातपासनीस. चौतीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी पटकीची, बिलहार्झियाची, पोलिओची पत्रकं तपासली. त्या हिरव्या शाईने एकही रोगी बरा झाला नव्हता, पण चुकीच्या विभक्तीत एकही मेला नव्हता. बोलीचा त्यांना मनस्वी तिटकारा, आणि तो तिटकारा ते दिवसभर बोलीतच व्यक्त करत. चहा बोलीत मागवत, बायकोशी फोनवर बोलीत भांडत, आणि फोन ठेवून बोलीतच सांगत, की या बोलीने अरबांचं वाटोळं केलं.

शाहिंदाने मसुदा पुढे ठेवला. उस्तादांनी तो दोन बोटांत धरला.

"हे काय आहे, पोरी?"

"पत्रक आहे, उस्ताद."

"पत्रक नाही हे. मासळीबाजारात दोन बाया भांडतात ते आहे. कमरेवर हात ठेवायचे तेवढे राहिलेत."

"लोक असंच बोलतात. तुम्हीही आत्ता तसंच बोलताय."

"बोलतो ना. मी न्हाणीघरात कपडेही काढतो. म्हणून तसाच ऑफिसात येऊ?"

टेबलापलीकडचे दोन कारकून हसले. उस्ताद हसले नाहीत. महासागरापासून आखातापर्यंत आपण एक आहोत ते या लिखित भाषेमुळे, असं त्यांनी तिला समजावलं. प्रत्येक देशाच्या हातात त्याची त्याची बाजारी बोली देऊन आपले तुकडे पाडायचे, हा इंग्रजांचा जुना डाव होता, आणि आज त्याला आपल्याच पोरी हातभार लावताहेत. महासागरापासून आखातापर्यंत बावीस देशांतल्या विद्वानांना उस्तादांचं पत्रक कळलं असतं. अडचण एवढीच होती, की त्यांतल्या एकाच्याही पोराला कफ्र सलमूनमध्ये जुलाब होत नव्हते.

मसुद्यात एक गोष्ट उस्तादांना विशेष लागली. शाहिंदाने गावातल्या दुकानातून कोल्ड्रिंकच्या पाच छोट्या बाटल्या आणून मोजल्या होत्या. गळ्यापर्यंत भरली की एकशे शहाण्णव ते दोनशे तीन मिलिलिटर. असलं अचूक माप घरोघर फुकट पडलेलं होतं, म्हणून तिने तेच लिहिलं होतं. सरकारच्या कागदावर कोल्ड्रिंकची बाटली, हे उस्ताद प्रत्येक शब्दानंतर थांबत म्हणाले.

ती संचालकांकडे गेली. डॉक्टर रिफअत मनाने वाईट नव्हते. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि मनात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा कोल्ड्रिंकचा फलक दिसत होता, दोन मजले उंच, ठणठणीत बोलीत. शाहिंदाने बोट दाखवलं. साखरेचं पाणी विकायला बोली चालते, मग पोर वाचवायला का नाही, असं तिने विचारलं.

"ते विकतात, बाळ. सरकार विकत नाही. सरकार कळवतं."

मग त्यांनी उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. ज्या वर्षी लोक चौकात जमले होते, त्या वर्षी भिंतींवरचे कागद कोणत्या भाषेत होते ते आठवतंय का, असं त्यांनी विचारलं. तिला आठवत होतं. तेव्हा ती महाविद्यालयात होती, त्यांतले काही तिने स्वतः चिकटवले होते. तोवर बोलीत टिंगल आणि गाणी होत असत, पण राज्यकर्त्याला चालता हो म्हणून बोलीत लिहून सांगणं तेव्हा पहिल्यांदा झालं. ज्यांनी ते वाचलं त्यांची झोप अजून परतली नव्हती. आता बोलीतला छापील कागद दिसला, की सुरक्षा खात्याचा माणूस आधी छापखान्याचं नाव शोधतो आणि मग मजकूर वाचतो. "तुझ्या कागदात जुलाब आहेत हे त्याला दुसऱ्या ओळीत कळेल," डॉक्टर रिफअत म्हणाले, "तोपर्यंत पहिल्या ओळीवर माझं निवृत्तिवेतन गेलेलं असेल."

उस्तादांनी मोठ्या मनाने स्वतः नवं पत्रक लिहिलं. सुलभ. त्यात कोल्ड्रिंकच्या बाटलीलाही त्यांनी जागा दिली. ती "वायुमिश्रित मधुर पेयाची लघु काचकूपी" झाली. कागद जाड, कडेने नक्षी, स्वरचिन्हं सगळी, बिस्मिल्ला सोनेरी.

जूनच्या सुरुवातीला ते वाटलं गेलं. दहा दिवसांनी शाहिंदाने मोजलं. एकतीसपैकी एकतीस सुरक्षित. दोन घरांनी काचेची चौकट करून बैठकीत लावलं होतं. सोडियमची सरासरी एकशे एकोणतीस. अरबी जितकी सुरेख झाली तितकी ती उंचावर गेली, एवढाच काय तो फरक. चौकटींचं ऐकून उस्तादांचे डोळे भरून आले. गावाला अजून भाषेची चाड आहे, असं त्यांनी दोन्ही कारकुनांना सांगितलं. सोडियमच्या आकड्यांचा कागद त्यांनी चष्मा न लावताच परत केला. शीर्षकात एक स्वरचिन्ह चुकलं होतं, तेवढं मात्र हिरव्या शाईने दुरुस्त केलं.

त्या संध्याकाळी शाहिंदा फहमीच्या छापखान्यात गेली. फहमी लग्नपत्रिका आणि कीटकनाशकांच्या जाहिराती छापायचा. तिने आपला जुना मसुदा दिला आणि सर्वांत स्वस्त पिवळा कागद निवडला. खात्याचं चिन्ह नको, सही नको, नक्षी नको.

"वर बिस्मिल्ला तरी?" फहमीने विचारलं.

"तेही नको."

ती त्याच्या दुकानात अनवाणी आली असावी, तसं फहमीने तिच्याकडे पाहिलं. पण छापून दिलं.

"बाई, पोराला जुलाब लागलेत? चहाच्या पेल्याला हात लावू नकोस. त्यातलं औषध पोराचा जीव घेईल. कोल्ड्रिंकची रिकामी छोटी बाटली घे, उकळत्या पाण्यानं धू. उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भर. एक पुडी टाक. एक म्हणजे एकच. चाखून बघ. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून दे आणि परत कर."

वजीदामावशीने तो कागद हातात घेतला, उलटा केला, मागे काही आहे का पाहिलं. ओठांना लावला नाही. सरकार गरीब झालं का, असं तिने विचारलं. शाहिंदाने खरं ते सांगितलं, की हा सरकारचा नाही, माझा आहे, आणि कोणी विचारलं तर माझंच नाव सांग. मावशी म्हणाली, चल, तूच वाट, मी बरोबर येते, पण पिशवी मी धरणार नाही.

गाव आभार मानेल अशी शाहिंदाची समजूत होती. गावाने तो कागद तिच्या तोंडावर मारला नाही, इतकंच. उमदा म्हणजे गावचा पाटील; त्याच्या भावजयीने त्यात तिथल्या तिथे भोपळ्याच्या बिया बांधल्या. एका म्हातारीने वाचून घेतला आणि ही बाई कोणावर एवढी ओरडतेय म्हणून चौकशी केली.

इनआम सहावीपर्यंत शिकली होती. दारात उभ्या उभ्याच तिने सगळा कागद मोठ्याने वाचला, एका दमात, कुठेही न अडखळता. मार्चचं पत्रक तिने पहिल्या ओळीतच सोडलं होतं. शाहिंदाला आनंद झाला, आणि तो तिच्या चेहऱ्यावर दिसला असावा.

"कुणी लिहिलं हे?" इनआमने विचारलं.

"मी."

"उमद्याला सरकारचं पत्र येतं, ते असं येतं?"

"नाही."

"मग मलाच का असं? मी काय गाडीवर कोबी घ्यायला आलेय?"

मावशीने मध्ये पडून समजूत घालायला सुरुवात केली, की मुलगी शहरातली आहे, तिचा हेतू वाईट नाही. इनआमने तिला हाताने थांबवलं.

"हिलालचे वडील दीड वर्ष कुवेतला आहेत. बँकेचं पत्र येतं, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण ते हातात धरलं, की वाटतं, आपल्याला कुणीतरी माणसांत मोजलंय. तुझा कागद सगळा कळला मला. शेजारणीने भिंतीवरून हाका मारून अब्रू काढावी तसा कळला."

प्रयोगशाळेत शाहिंदाने पेले मोजले होते, बाटल्या मोजल्या होत्या, हे मोजलं नव्हतं. "हिलालची आई," ती चाचरत म्हणाली, "पेला..."

"वाचलं मी. बहिरी नाहीये." इनआमने तो कागद शेगडीशेजारी तेलाच्या डब्यावर टाकला आणि दार लावून घेतलं.

आठवड्याच्या आत उमद्याने एक पिवळा कागद पाकिटात घालून कार्यालयात पाठवला. चौकशी समिती बसली. तिघे जण, लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले. त्यांनी शाहिंदाला चार प्रश्न विचारले. छपाईचे पैसे कोणी दिले; कोणत्या पक्षाशी संबंध आहे; चौकातल्या त्या दिवसांत ती कुठे होती; आणि वर बिस्मिल्ला का नाही, ती नमाज पढते की नाही. ती आपल्या आकड्यांची वही घेऊन गेली होती. तिघांपैकी एकाने ती वही उघडली, पण टेबल हलत होतं म्हणून मिटून त्याच्या पायाखाली दिली.

गुन्ह्याचं स्वरूप कळावं म्हणून उस्ताद अब्दुलमोतींना तो मजकूर वाचून दाखवायला सांगितलं. ते उठले, नाक मुरडलं आणि वाचू लागले. पण ते शब्द त्यांच्या तोंडचे होते. त्यांच्या आईच्या तोंडचेही असणार. चौतीस वर्षांत त्यांनी इतकं चांगलं कधी वाचलं नसेल. "एक म्हणजे एकच" याला त्यांचं बोट आपोआप वर झालं. चहाचा ट्रे घेऊन दारात उभा असलेला म्हातारा शिपाई, ज्याला वाचता येत नव्हतं, तो ट्रे तसाच धरून म्हणाला, "आमच्या सुनेला सांगायला हवं. ती चहाच्या पेल्यातच करते."

त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं. ते इतिवृत्तात घेतलं नाही.

निकाल सुरेख अरबीत आला. उत्तम कागद होता. शाहिंदाच्या आईने तो कपाटावर ठेवला असता. एक ऑगस्टपासून बदली, वाळवंटातल्या विहिरींचं पाणी तपासायच्या केंद्रावर. आणि उरलेली बेकायदा पत्रकं गावातून गोळा करून नष्ट करावीत. ते काम वजीदामावशीवर आलं. मावशी दोन दिवस फिरली आणि रिकाम्या हाताने परतली. तसला कागद आपल्या घरात आहे, असं एकही बाई कबूल करेना. फेकला, जाळला, कोंबड्यांच्या खाली घातला, असं प्रत्येकीने सांगितलं. मावशीने तसं लिहून दिलं. ते उस्तादांनी तपासलं आणि समाधानाने सही केली.

जुलैच्या एकोणतीस तारखेला शाहिंदाने शेवटची फेरी मारली. माश्या भरपूर होत्या. बऱ्याच घरांत पोरं मांडीवर निपचित होती. बायांनी तिला बसा म्हटलं नाही. चहा विचारला, तोही दारातूनच. तिने कागदाचा विषय काढला नाही. नेहमीसारखं पाणी करा आणि मला थोडं द्या, इतकंच सांगितलं. स्वयंपाकघरात डोकावल्यावर दिसत होतं ते मात्र दिसत होतं. पिवळे चौकोन शेगडीमागच्या खिळ्याला, गॅसच्या नळीत खोचलेले, किटलीखाली. तेल पिऊन आरपार दिसायला लागलेले, कडा जळालेल्या. कोणी त्यावर दुधाचा हिशेब लिहिला होता. ज्याच्यावर देवाचं नाव नाही आणि ज्याची कोणाला भीड नाही, अशा कागदाला त्या घरांत एवढी एकच जागा होती.

हिलालला कालपासून पुन्हा जुलाब लागले होते. इनआमने त्याला कमरेवर घेतलं होतं. शाहिंदाला पाहून तिने तोंड फिरवलं.

"तुझा तो घाणेरडा कागद मी कधीच फाडून टाकलाय," ती म्हणाली.

"बरं केलंस."

इनआमने कोनाड्यातून छोटी बाटली काढली. किटलीतल्या उकळत्या पाण्याने दोनदा विसळली. मातीच्या घड्यातलं झाकलेलं गार पाणी गळ्यापर्यंत भरलं, डोळ्यांसमोर धरून पातळी पाहिली, एक थेंब जास्त झाला तो ओतून दिला. एक पुडी फोडली आणि तिच्या कोपऱ्यात राहिलेली भुकटीही आत झटकली. हलवून करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि क्षणभर डोळे मिटले. मग थोडं पाणी शाहिंदाच्या नमुन्याच्या बाटलीत ओतलं आणि उरलेलं चमच्याने पोराला पाजायला बसली.

"वाळवंटात पाठवताहेत म्हणे तुला," ती पोराकडे बघतच म्हणाली.

"हो."

"तिथल्या बायांना तरी नीट लिही."

तीस तारखेला शाहिंदाने एकतीस नमुने मोजले, प्रत्येक तीनदा. अठ्ठावीस घरांचं सोडियम लिटरमागे नव्वद मिलिमोलच्या आत होतं, तीन घरांचं शंभरच्या वर. एकतिसांची सरासरी एकोणऐंशी आली. इनआमच्या बाटलीतलं सोडियम शहात्तर होतं.